ज्युडिट पोल्गार: महिला विश्वविजेतेपदाच्या वाटेला न गेलेली अव्वल खेळाडू

तिरका_उंट

२०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमीला दिव्या देशमुखनं कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून एक प्रश्न सतत कानावर येतोय: बुद्धिबळात धावायचं नाही, वजन उचलायचं नाही, मग बायकांची स्पर्धा वेगळी कशाला? मतं सगळ्यांकडे आहेत. पण एका बाईनं या प्रश्नावर आपली अख्खी कारकीर्द पणाला लावली होती आणि तिच्याबद्दल मराठीत तुकड्या-तुकड्यांनीच वाचायला मिळतं. म्हणून हा धागा.

ज्युडिट पोल्गार, जन्म बुडापेस्ट, २३ जुलै १९७६. जानेवारी १९८९ च्या जागतिक रेटिंग यादीत (रेटिंग म्हणजे खेळाच्या ताकदीचे गुण) ती जगातली पहिल्या क्रमांकाची महिला खेळाडू झाली. वय बारा. २०१४ मध्ये निवृत्त झाली तेव्हाही पहिलीच होती. आणि एवढ्या काळात ती महिला विश्वविजेती एकदाही झाली नाही, कारण त्या स्पर्धेत ती उतरलीच नाही.

घरापासून सुरुवात करायला हवी. वडील लास्लो शिक्षणशास्त्राचे अभ्यासक. प्रतिभा जन्मजात नसते, लहानपणापासून नीट मेहनत घेतली तर ती घडवता येते, हे त्यांचं मत मुली व्हायच्या आधीपासूनचं. आई क्लारा शिक्षिका. तिन्ही मुलींना शाळेत न घालता घरीच शिकवलं. त्या काळच्या हंगेरीत ही साधी गोष्ट नव्हती, सरकारी खात्यांशी बरीच झुंज द्यावी लागली. थोरली सुसान (हंगेरियनमध्ये झुझा), मधली सोफिया, धाकटी ज्युडिट.

ज्युडिटची वाट खरं तर सुसाननं खणून काढली, आणि हा भाग नेहमी दोन ओळींत उरकला जातो. १९८६ मध्ये सुसान विश्वविजेतेपदाच्या झोनल, म्हणजे प्रादेशिक पात्रता फेरीसाठी पात्र ठरली होती. पण ती फेरी 'पुरुषांची' म्हणून तिला खेळू दिलं नाही. त्यानंतर जे झालं ते तर कमालच. जानेवारी १९८७ च्या यादीत फिडेनं, म्हणजे जागतिक महासंघानं, जगातल्या सगळ्या महिला खेळाडूंच्या रेटिंगमध्ये सरसकट १०० गुण वाढवले. अपवाद एकच, सुसान पोल्गार. कारण असं दिलं की बाकीच्या बायका आपापसांतच खेळतात म्हणून त्यांचं रेटिंग कमी राहतं, सुसान पुरुषांशी खेळते म्हणून तिचं बरोबर आहे. एका फटक्यात ती पहिल्या क्रमांकावरून खाली आली. पुरुषांशी खेळण्याची शिक्षाच म्हणा ना.

हे सगळं घरात घडताना धाकटी दहा वर्षांची होती.

१९८८ च्या थेसालोनिकी ऑलिंपियाडला, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेला, हंगेरीच्या महिला संघात तिघी बहिणी आणि इल्दिको माडल. तोवर सोव्हिएत महिला संघ ज्या ज्या ऑलिंपियाडला उतरला होता तिथे सुवर्ण त्यांचंच. या चौघींनी ते मोडलं. ज्युडिटचे गुण १३ पैकी १२॥. त्याच वर्षी ती बारा वर्षांखालच्या मुलांच्या (मुलींच्या नव्हे) गटात जगज्जेती झाली. १९९० ला नोवी साद इथे पुन्हा महिला संघाबरोबर सुवर्ण, आणि तिथून पुढे फक्त महिलांच्या स्पर्धा बंद.

डिसेंबर १९९१ मध्ये तिनं हंगेरीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, पुरुष-महिला सगळ्यांमधलं, आणि पंधरा वर्षं चार महिने वयात ग्रँडमास्टर (बुद्धिबळातला सर्वांत वरचा किताब) झाली. बॉबी फिशरचा १९५८ चा विक्रम मोडला. १९९३ मध्ये माजी जगज्जेत्या स्पास्कीला दहा डावांच्या सामन्यात ५॥-४॥ असं हरवलं. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झे स्पर्धेत आनंदच्या मागे दुसरी, एकही डाव न हरता, क्रॅमनिकच्या पुढे. २००५ मध्ये रेटिंग २७३५, जगात आठवी.

मी तिच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो. बोला.

अडीच_घरं

मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली.

भर घालतो. 'पुरुषांच्या स्पर्धेत मुलगी कशी?' हे भांडण आपल्याकडे पोल्गार बहिणींच्या दहा वर्षं आधी झालं होतं. १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर, वय तेरा, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्यावर मोठा गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. तेव्हा फिडेचे अध्यक्ष होते माजी जगज्जेते माक्स यूवे. त्यांनी निर्णय दिला की बाईला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यापासून अडवता येणार नाही. रोहिणी खेळली आणि तिनं काही राज्यविजेत्यांना हरवलंही.

त्याच घरात वासंती आणि जयश्री. वासंती १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला विजेती. म्हणजे तीन बहिणी, तिघी बुद्धिबळात, आणि धाकटी पुरुषांत घुसलेली, ही गोष्ट बुडापेस्टच्या आधी मुंबईत घडून गेली होती.

निवृत्त_प्यादं

उंटराव, लेख चांगला आहे पण जरा आरती झाली आहे.

सरळ प्रश्न. तिनं पुरुषांत खेळून मिळवलं काय? आठवा क्रमांक. २००५ ला सान लुइसला आठ जणांत जगज्जेतेपदाची स्पर्धा झाली, तोपालोव्ह जिंकला, ही बाई शेवटची आली, १४ पैकी ४॥. महिलांच्या चक्रात खेळली असती तर सात-आठ विश्वविजेतेपदं सहज खिशात होती. नोना गाप्रिंदाश्विली, माया चिबुर्दानिद्झे, श्ये जून, होउ यिफान या सगळ्यांची नावं त्या यादीत आहेत आणि सगळ्यांत जोरदार खेळाडूचं नाव नाही. इतिहासात यादी राहते हो. हट्ट कुणी लक्षात ठेवत नाही.

तिरका_उंट

निवृत्त_प्यादं, सान लुइसचे आकडे बरोबर आहेत. पण त्या आठ जणांत पोहोचणारी ती पहिली आणि आजवरची एकमेव बाई आहे. आनंद, स्विडलर, लेको, मोरोझेविच, अ‍ॅडम्स यांच्याशी दोन-दोन डाव. तिथे शेवटचं येणं म्हणजे जगातल्या वरच्या आठांत शेवटचं येणं.

आणि सहज खिशात होती म्हणता ना, तेच तर तिचं म्हणणं. जे सहज मिळतं त्यासाठी तयारी कोण करणार? रेटिंग समोरच्याकडून मिळतं. २५०० च्या खेळाडूंना वर्षभर हरवत बसलं तर माणूस २७३५ ला जात नाही. तिला महिला विश्वविजेतेपद हवं असतं तर वर्षातले कितीतरी महिने त्या पात्रता फेऱ्यांत गेले असते आणि लिनारेस, वाइक, डॉर्टमुंड अशा बड्या स्पर्धांची आमंत्रणं हातची गेली असती.

सुसाननं दुसरा मार्ग घेतला, १९९६ मध्ये श्ये जूनला हरवून महिला विश्वविजेती झाली. तेही मोठंच. पण आज दोघींपैकी कुणाचे डाव लोक पटावर मांडून बघतात?

घड्याळबंद

लिनारेसचा विषय निघाला आहे तर १९९४ चा किस्सा यायलाच हवा. मी पंच म्हणून काम करतो, त्यामुळे या प्रकरणाकडे जरा वेगळ्या डोळ्यांनी बघतो.

ज्युडिट सतरा वर्षांची, इतक्या मोठ्या स्पर्धेला पहिलंच आमंत्रण. समोर कास्पारोव्ह, जगातला पहिला, काळ्या मोहऱ्यांनी, आणि डाव त्याच्याच बाजूनं झुकलेला. छत्तिसाव्या खेळीला त्यानं घोडा एका घरात ठेवला, बोटं सुटली, तेवढ्यात त्याला दिसलं की पांढरा उंट पुढे आला की आपलं मोहरं जातंय. घोडा पुन्हा उचलला आणि दुसऱ्या घरात ठेवला. तो डाव त्यानं पुढे जिंकला.

नियम शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. हात लावला की तेच मोहरं खेळायचं, हात सुटला की खेळी कायम. टीव्हीच्या कॅमेऱ्यात दिसलं की बोटं पाव सेकंद सुटली होती. कास्पारोव्ह शेवटपर्यंत म्हणत राहिला की आपण घोडा सोडलाच नव्हता.

तिनं तक्रार केली नाही. नंतर तिनं कारण सांगितलं त्याचा आशय असा: पहिल्याच आमंत्रणात वाद नको होता, आणि तक्रार फेटाळली गेली तर वेळेच्या तंगीत उलट आपल्याच घड्याळावर दंड बसेल ही भीती.

आता पंच म्हणून सांगतो. हे आजही होतं. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची, समोर रेटिंगनं आणि वयानं मोठा माणूस. मोहरं सोडून पुन्हा उचलतो, ती वर बघते, आमच्याकडे बघते, आणि हात वर करत नाही. घड्याळ थांबवून पंचाला बोलवायचा हक्क आहे हे माहीत असतं, तरी नाही. मुलगे लहान असले तरी लगेच 'सर!' म्हणून ओरडतात. तक्रार आल्याशिवाय किंवा स्वतः पाहिल्याशिवाय पंचाला फारसं काही करता येत नाही. तेव्हा कुणाच्या मुली खेळत असतील तर ओपनिंग (डावाची सुरुवात) शिकवण्याआधी त्यांना घड्याळ थांबवायला शिकवा.

मंजिरी_स

घड्याळबंद, हे वाचून अंगावर काटा आला. अगदी असंच बघितलं आहे.

मला एक विचारायचं होतं. तिनं कास्पारोव्हला नंतर कधी हरवलं का?

अडीच_घरं

मंजिरीताई, हरवलं की! सप्टेंबर २००२, मॉस्को, 'रशिया विरुद्ध उर्वरित जग', जलद डाव. डाव असा आहे की गंमत म्हणून पटावर मांडाच.

आधी पार्श्वभूमी. २००० मध्ये लंडनला कास्पारोव्हचं जगज्जेतेपद क्रॅमनिकनं घेतलं ते 'बर्लिन बचावा'च्या, म्हणजे काळ्याच्या एका चिवट सुरुवातीच्या जोरावर. कास्पारोव्हला पांढऱ्या मोहऱ्यांनी ती भिंत फोडता आली नाही, आख्ख्या सामन्यात एकही डाव जिंकता आला नाही. दोन वर्षांनी ज्युडिटसमोर काळी मोहरी आली तेव्हा साहेबांनी काय खेळावं? तोच बर्लिन!

आठव्याच खेळीला वजिरावजिरी होते. काळ्या राजाला वजीर मारायला लागतो, म्हणजे कॅसलिंगचा (राजाला हत्तीच्या आडोशाला नेण्याचा) हक्क गेला, राजा मध्येच अडकला. या बचावाचं म्हणणं असं की वजीर नसल्यामुळे राजाला धोका नाही, निवांत बसू. ज्युडिटनं निवांत बसूच दिलं नाही. एक हत्ती लगेच खुल्या पट्टीवर, राजाच्या बाजूची प्यादी पुढे, घोडा थेट काळ्याच्या अंगावर. तिचा स्वतःचा राजा बघा, वजीर गेलेत म्हणून खुशाल फिरायला निघाला आहे. मग मधलं प्यादं पडलं आणि दोन्ही हत्ती सातव्या पंक्तीत घुसले. सातव्या पंक्तीतले दोन हत्ती म्हणजे काय हे खेळणाऱ्यांना सांगायला नको. बेचाळिसाव्या खेळीनंतर कास्पारोव्हनं डाव सोडला.

लोक तिला 'हल्लेखोर' म्हणतात, सिसिलियन, किंग्ज इंडियनसारख्या आक्रमक सुरुवाती, मोहऱ्यांची बलिदानं वगैरे. आनंदविरुद्धचा १९९९ चा, स्पेनमधल्या डॉस हर्मानास स्पर्धेतला डाव तसाच आहे, सातव्या-आठव्या खेळीलाच घोडा वाऱ्यावर सोडते. पण कास्पारोव्हला हरवलं ते वजीर नसलेल्या पटावर, शुद्ध तंत्रानं. मला हे जास्त आवडतं.

निवृत्त_प्यादं

जलद डाव होता हो तो. क्लासिकलमध्ये, म्हणजे लांब वेळेच्या डावात, कास्पारोव्ह तिला कधी सापडला नाही.

अडीच_घरं

बरोबर. पण जलद डावात त्याला हरवणारे तरी किती होते! आणि बायकांच्या बुद्धिबळाबद्दल हाच माणूस आधी काय काय बोलायचा ते आठवा. पुढे मत बदललं त्यानं, पोल्गार बहिणींमुळेच बदललं.

सई१२

जरा वेगळा सूर लावते. वडिलांच्या 'प्रयोगा'चं कौतुक मला खटकतं. मुली म्हणजे काय प्रयोगशाळेतले उंदीर का? त्यांना विचारलं होतं का कुणी? तिघी यशस्वी झाल्या म्हणून आज आपण टाळ्या वाजवतोय. अशाच वडिलांच्या हाताखाली कोमेजलेल्या मुलांवर धागा कोण काढणार?

आणि प्रयोग म्हणूनही तो पटत नाही. आई-बाप तेच, घर तेच, पुस्तकं तीच, तरी तिघींचं पाणी वेगळं निघालं. सोफियाचा १९८९ चा रोमचा पराक्रम आठवा, चौदा वर्षांची मुलगी ग्रँडमास्टरांनी भरलेल्या स्पर्धेत ९ पैकी ८॥ गुण घेते. अनेकांच्या मते तिच्यात उपजत देणगी होती. पण ती आंतरराष्ट्रीय मास्टरपर्यंत (ग्रँडमास्टरच्या खालचा किताब) थांबली, पुढे तिला ते तितकं हवंसं राहिलं नाही. धाकटीला हवं होतं. 'हवं असणं' बापानं घडवलं की मुळातच होतं, हे कोणत्या प्रयोगातून कळणार?

तिरका_उंट

सई, दुसरा परिच्छेद शंभर टक्के मान्य. पहिल्याबद्दल एवढंच की सुसाननं स्वतः सांगितलं आहे, खेळणं शोधताना कपाटात तिला बुद्धिबळाचा पट सापडला आणि निवड तिचीच होती. मोठं झाल्यावर तिघींपैकी कुणीही बापाविरुद्ध गाऱ्हाणं मांडलेलं नाही. पण तिघींच्या समाधानावरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही, हे खरं.

एक मात्र बघा. धाकटीला दोन बहिणी घरातच सरावाला मिळाल्या. दुपारी तीन वाजता उठून बसलं की समोर जगातली आघाडीची महिला खेळाडू. बापाच्या सिद्धांतापेक्षा याचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं.

मंजिरी_स

मला या सगळ्यात २००४ नंतरचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर कुणीच बोललं नाही!

२००४ मध्ये तिला मुलगा झाला. त्या सुमारास ती वर्षभर खेळापासून लांब होती. त्यानंतर परतली आणि २७३५ हे कारकिर्दीतलं सर्वोच्च रेटिंग त्या नंतर, जुलै २००५ मध्ये आलं. सान लुइसही त्यानंतरच. २००६ मध्ये मुलगी झाली, पुन्हा थांबली, पुन्हा परतली. मग थोडी घसरण झाली, पण २०११ मध्ये युरोपीय वैयक्तिक स्पर्धेत, सगळ्यांच्या खुल्या गटात, तिसरी आली आणि त्याच वर्षी विश्वचषकात कर्याकिनला बाद करून उपांत्यपूर्व फेरी गाठली. पस्तिशीत, दोन लहान मुलं घरी असताना.

लग्नानंतर खेळ सुटलेल्या किती चांगल्या खेळाडू आपण बघितल्यात. कुणी सोडायला लावलं असंही नसतं. स्पर्धा नऊ-दहा दिवसांची, मूल कुणाकडे ठेवायचं इथेच गाडी अडते. पुरुष खेळाडूंना मुलाखतीत हा प्रश्न कुणी विचारत नाही.

घड्याळबंद

+१. खेळाडूंच्या यादीत मुली आठ-नऊ वर्षांच्या गटात भरपूर दिसतात, सतराच्या पुढे एकदम ओसाड. जगभरच्या रेटिंग यादीतही बाई दहात जेमतेम एक. आणि दहात एक असताना वरच्या शंभरात बायका का नाहीत म्हणून मेंदूवर चर्चा करायची. ज्या टोपलीत आंबे दहापट, त्याच टोपलीत सगळ्यांत मोठा आंबा सापडण्याची शक्यता जास्त, एवढं साधं आहे.

निवृत्त_प्यादं

बरं, हे मान्य केलं तर मग वेगळ्या महिला स्पर्धा हव्यातच ना? मुली टिकायला हव्या असतील तर बक्षीस, किताब, प्रवासखर्च कुठून येणार? सगळ्यांनी पोल्गारचा कित्ता गिरवला तर निम्म्या मुली पहिल्याच वर्षी घरी बसतील. दिव्याचंच बघा. बातुमीला गेली तेव्हा ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म (किताबासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) हाती नव्हता. महिला विश्वचषक जिंकली म्हणून थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी. महिलांची स्पर्धा नसती तर?

तिरका_उंट

हा मुद्दा तगडा आहे आणि यावर माझं ज्युडिटशीही पूर्ण जमत नाही. ती महिलांच्या वेगळ्या किताबांच्याही विरोधात आहे. महिला ग्रँडमास्टरसाठी रेटिंगची अट २३०० ची, ग्रँडमास्टरसाठी २५००. तिचं म्हणणं, मुलीपुढे कमी उंचीची काठी ठेवली की ती तेवढीच उडी मारते. पण तिच्या घरी दोन बहिणी आणि पूर्णवेळ शिकवणारे आई-वडील होते. बाकीच्यांकडे ते नसतं. स्पर्धा असाव्यात, बक्षिसं असावीत. किताब वेगळे असावेत का याबद्दल मात्र माझं मत नकाराकडे झुकतं.

होउ यिफानचं उदाहरण मधलं आहे. चार वेळा महिला विश्वविजेती, मग त्या चक्रातून बाहेर पडली. २०१७ मध्ये जिब्राल्टरच्या खुल्या स्पर्धेत दहापैकी सात फेऱ्यांत समोर बायकाच आल्या म्हणून शेवटच्या डावात पाच खेळ्यांत पराभव पत्करून निषेध केला. खुल्या स्पर्धेत खेळायचं ते पुरुषांशी गाठ पडावी म्हणूनच ना!

सई१२

माझी भाची अकरा वर्षांची आहे, बऱ्यापैकी खेळते. मुलींच्या गटात घालावी की खुल्या? घरात यावरून दोन तट पडलेत. वाद बाजूला ठेवून कुणी सरळ सांगा.

घड्याळबंद

सई, दोन्ही. राज्य संघात निवड, शिष्यवृत्ती, प्रशिक्षण शिबिर यासाठी मुलींच्या गटातला क्रमांक उपयोगी पडतो, तो सोडू नका. रेटिंग आणि खेळ मात्र खुल्या स्पर्धांतच वाढेल, कारण तिथे आपल्यापेक्षा जड खेळाडू भरपूर मिळतात. खुल्या स्पर्धेत पहिल्या काही फेऱ्यांत मार खाईल, तेव्हा घरी गुणतक्ता बघू नका, डाव बघा. नोंदवही नीट लिहिते का, वेळ कुठे घालवते, हरलेली स्थिती किती चिवटपणे धरते, हे. आणि प्रशिक्षक निवडताना एक विचारा: खुल्या स्पर्धांना मुलींना नेता का? काही जण नेत नाहीत.

अडीच_घरं

दिव्याही हेच करते आहे. विश्वचषकामुळे महिला कँडिडेट्सची (जगज्जेतीचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेची) जागा नक्की झाल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंदच्या ग्रँड स्विस स्पर्धेत महिला गट सोडून ती खुल्या गटात उतरली. तिथे जगज्जेत्या गुकेशला बरोबरीत रोखलं. तो डाव टाकतो थोड्या वेळात. निवृत्त_प्यादं, तुम्ही काळ्याकडून बघा, मी पांढऱ्याकडून, मग बोलू.